भिंत पाहण्याचे मोल

गेल्या वर्षी पावसाळा ओसरू लागला असता आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध मावशी मिस्सा आटोपल्यावर आमच्याकडे आल्या. त्यांची धाकटी लेक अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी परिचारिका आहे. लेकीने तेथे घर घेतले. निजावयाच्या खोलीत कुबट वास येऊ लागला, तेव्हा तिने एका मनुष्यास बोलाविले. त्याने दोन तास घर हिंडून पाहिले, दोन पानांचे टिपण तिच्या हाती दिले आणि साडेचारशे डॉलर घेऊन तो निघून गेला. बुरशी पुसली नाही, भिंत खरवडली नाही, चुन्याचा एक हातही फिरविला नाही. "काय ओ फादर," मावशी आम्हांस म्हणाल्या, "नुसती बुरशी बघायचे चाळीस हजार रुपये? आमच्या घराकडं या म्हणावं, फुकट दाखवतो!"

आम्ही हसलो, मावशीही हसल्या. परंतु बंगल्यात परतल्यावर आमचे हसू टिकले नाही. ज्या सॅक्रिस्टीतून आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो, तिच्या भिंतीवर गेल्या तीन पावसाळ्यांत काय घडले हे मावशींस ठाऊक नव्हते. त्याची कबुली पुढे ओघाने येईल. आधी मावशींच्या प्रश्नास उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रश्न रास्त आहे. केवळ पाहण्याचे पैसे द्यावेत काय, आणि द्यावेत तर कोणास?

अमेरिकेत घरातील बुरशीचा तपासनीस हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. सर्वसाधारण घराच्या पाहणीस तेथे ३०० पासून ७०० डॉलरपर्यंत पडतात. घर मोठे असले, त्यास तळघर असले, तर आकडा याहून वर चढतो. हवेचे किंवा भिंतीच्या खरवडीचे नमुने प्रयोगशाळेत धाडावयाचे झाल्यास त्यांची आकारणी नमुन्यागणिक निराळी. तपासनिसाच्या पिशवीत दोन अणकुचीदार टोकांचे एक लहानसे यंत्र असते. ती टोके भिंतीस टेकविली म्हणजे आत ओल किती आहे ते यंत्रावर दिसते. उष्णतेचे चित्र काढणारा कॅमेराही पुष्कळांजवळ असतो. तो बुरशी दाखवितो असा लोकांचा समज आहे, पण तसे नाही. भिंतीचा कोणता भाग थंड पडला आहे एवढेच तो दाखवितो, आणि ओली जागा बहुधा थंड असते. याशिवाय एक विजेरी, आणि परमेश्वराने दिलेले नाक.

वाचकांच्या ध्यानात येईल की, बुरशी कोठे आहे हे सांगण्यास फारशी विद्या लागत नाही. ती डोळ्यांस दिसते, नाकास कळते. तिचे बीज हवेत सर्वत्र तरंगत असते. तुमच्या घरात आहे, आमच्या बंगल्यात आहे, बिशपांच्या निवासातही आहे. त्यास पाणी मिळाले की ते रुजते, न मिळाले तर निमूट पडून राहते. तेव्हा खरा प्रश्न पाणी कोठून येते हा असतो. विद्या लागते ती तेथे, आणि साडेचारशे डॉलर होते ते त्या उत्तराचे.

मावशींच्या लेकीची सगळी हकीकत आम्ही पुढे फोनवरून विचारून घेतली. हा तपासनीस येण्यापूर्वी तिने एका बुरशी काढणाऱ्या मंडळीस बोलाविले होते. त्यांची पाहणी फुकट होती. त्यांनी खोलीभर दिवे फिरविले, माना हलविल्या, आणि नऊ हजार डॉलरांचा खर्च सांगितला. खोलीची चारही बाजूंची भिंत काढावी लागेल म्हणाले. घाबरून तिने मैत्रिणीस विचारले. मैत्रीण म्हणाली, जो दुरुस्ती करणार नाही अशा माणसास आधी दाखव. तो माणूस आला, तेव्हा त्याने भिंतीकडे पाहण्यापूर्वी छताच्या वरची पोकळी पाहिली. ह्यूस्टनची हवा आपल्या किनारपट्टीसारखी दमट असून, वर्षाचे कित्येक महिने तेथे घर गार करणारे यंत्र चालू असते. त्या यंत्रातून थेंब थेंब पाणी सुटते आणि ते एका बारीक नळीने बाहेर जाते. नळी तुंबली होती. पाणी भिंतीच्या पोटात उतरत होते. तिकडच्या आतल्या भिंती दगडविटांच्या नसतात. लाकडी चौकटीवर जिप्समच्या फळ्या ठोकलेल्या असतात, आणि त्या फळ्यांस दोन्ही अंगांनी कागद चिकटविलेला असतो. ओला कागद म्हणजे बुरशीस मेजवानी! नळी साफ केली, तीन फूट रुंदीचा फळीचा तुकडा कापून नवा बसविला. तपासनिसाचे पैसे धरून एकूण खर्च अकराशे डॉलरांच्या आत आटोपला.

टेक्सास राज्यात, जेथे ह्यूस्टन आहे, या बाबतीत एक शहाणा नियम आहे. तेथे २००१ च्या सुमारास बुरशीचा मोठा गहजब उडाला होता. एका घरमालकिणीच्या दाव्यात ज्यूरीने विमा कंपनीस त्या वर्षी ३ कोटी २० लक्ष डॉलर देण्यास सांगितले. वरच्या न्यायालयाने पुढील वर्षी ती रक्कम सुमारे ४० लक्षांवर आणली, पण तोवर घरोघर भय शिरले होते, आणि भय शिरले तेथे विक्रेते शिरतातच. २००३ साली राज्याने कायदा केला. पाहणी करणारा परवानाधारक असावा, दुरुस्ती करणारा परवानाधारक असावा, आणि एकाच कामावर ही दोन्ही माणसे एकच असू नयेत. न्यूयॉर्क आणि फ्लॉरिडा राज्यांतही याच धर्तीचे निर्बंध आहेत.

हा कायदा वाचताना आम्हांस एका फार जुन्या विधीची आठवण झाली. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा १४ वा अध्याय सेमिनरीत असताना आम्ही कंटाळत वाचला होता, हे येथे कबूल करण्यास हरकत नाही. त्यात घराच्या भिंतीवर चट्टे उठले असता काय करावे हे सांगितले आहे. घरधन्याने याजकाकडे जावे. याजकाने आत पाऊल टाकण्यापूर्वी घर रिकामे करावयास सांगावे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे अशुद्ध ठरणार नाहीत. गरिबाच्या सामानाची ही काळजी आता वाचताना मनास फार भिडते. मग त्याने भिंत पाहावी. चट्टे हिरवट किंवा तांबूस आहेत काय, ते वरवरचे आहेत की भिंतीत खोल गेले आहेत? तसे असतील तर घर सात दिवस बंद करावे आणि सातव्या दिवशी फिरून पाहावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून गावाबाहेर टाकावेत, आतला गिलावा सगळीकडून खरवडावा, दुसरे दगड बसवावेत, दुसरा गिलावा करावा. इतके करून चट्टा परत आला तरच घर पाडावे.

म्हणजे घराची भिंत पाहणे हे एके काळी आमच्याच पेशातील माणसाचे काम होते! या याजकाची रीत पाहा. तो दोनदा पाहतो, मध्ये सात दिवस जाऊ देतो. दगड विकणे हा त्याचा धंदा नाही, गिलावा करणे हाही नाही. आणि भिंत रंगवा, असे तो कोठेही म्हणत नाही.

रंगाची गोष्ट निघाली म्हणून इंग्लंडमधील एक प्रसंग सांगणे भाग आहे. रॉचडेल गावी, भाड्याच्या सामाजिक घरात राहणाऱ्या एका कुटुंबाचा अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात श्वासाच्या विकाराने वारला. घरातील बुरशीच्या दीर्घकाळच्या सान्निध्यामुळे हा मृत्यू ओढवला, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात दिला. मुलाच्या पित्याने २०१७ सालीच तक्रार केली होती, आणि वरून रंग लावा, असे त्यास सांगण्यात आले होते. पुढे त्या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक घरांच्या मालकांवर अशी गंभीर ओल कळताच दहा कामकाजी दिवसांत पाहणी करण्याचे बंधन आहे. जिवास तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल केली पाहिजे.

आपल्या गावांतून बुरशीचा परवानाधारक तपासनीस मिळावयाचा नाही, आणि चाळीस हजार रुपये कोणाजवळ नाहीत. पण रंग लावा म्हणणारे मात्र मुबलक आहेत. घाटाच्या माथ्यावरील आपल्या या पट्ट्यात पाऊस जूनपासून जो बसतो तो गणपती उठून गेले तरी हलत नाही. वाडवडिलांच्या घरांस जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौले. अशी भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला श्वास असतो, असे गवंडी म्हणतात ते अगदी खरे आहे. आता तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढतो, त्यावर पुट्टी, त्यावर झुळझुळीत रंग. भिंतीत शिरलेल्या ओलीस बाहेर पडण्याची वाटच राहत नाही. ती वर वर चढते, लोणा फुटतो, पोपडे सुटतात. मग आणखी रंग.

आमच्या धर्मग्रामातील एका घरी सात वर्षांचा एक मुलगा आहे. श्रावण लागला की त्यास दम लागे. रात्री आजी त्यास उशाला टेकवून बसवी. आईबापांनी डॉक्टर केले, औषधे केली, आणि भिंतीवरील काळे डाग पाहुण्यांस दिसू नयेत म्हणून अठरा हजार रुपये खर्चून पीव्हीसीचे पॅनेल ठोकून घेतले. खोली फार देखणी झाली. आम्हीच जाऊन तिला आशीर्वाद दिला! त्या वर्षी मुलाचा दम दिवाळीपर्यंत हटला नाही. शेवटी मुलाचे आजोबा गावातील एका म्हाताऱ्या गवंड्यास घेऊन आले. त्याने पाहण्याचे पाचशे रुपये मागितले. घरची सून म्हणाली, नुसत्या बघण्याचे? आजोबांनी दिले. गवंड्याने एक पॅनेल उचकटले. मागे भिंत काजळ फासल्यासारखी काळी झाली होती, तीही मुलाच्या उशापासून हातभर अंतरावर. त्याने घरातील सगळे नळ रात्री बंद करावयास सांगितले आणि माळ्यावरील टाकीच्या पाण्यावर खडूने रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेखाली चार बोटे उतरले होते. भिंतीपलीकडे न्हाणीघर होते, आणि भिंतीत पुरलेला नळ सांध्यास झिरपत होता. सांधा बदलण्यास दोन हजार सहाशे रुपये लागले.

मुलाचा दम या एकाच गोष्टीने बरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वासाचे विकार व दमा अधिक आढळतात, एवढे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नमूद केले आहे. यंदाच्या श्रावणात तो मुलगा आडवा होऊन झोपला, हे मात्र त्याच्या आजीने आम्हांस मुद्दाम येऊन सांगितले.

आता आमची कबुली. सॅक्रिस्टीची उत्तरेकडील भिंत जांभ्याची, चुन्यात बांधलेली. चार वर्षांपूर्वी तिला कमरेपर्यंत ओल दिसू लागली. याच म्हाताऱ्या गवंड्याने, "फादर, आधी भाईरनं बघूया," म्हणून दोन दिवसांचे आठशे रुपये सांगितले. शहरातील एका अभियंत्याने येण्याजाण्यासह तीन हजार सांगितले. धर्मग्रामाचा पैसा म्हणजे लोकांच्या घामाचा पैसा. तो नुसत्या पाहण्यावर का दवडावा, असा विचार करून आम्ही दोघांसही नको म्हटले. एका रंगकाम करणाऱ्याने फुकट पाहतो म्हणून सांगितले. त्याने फुकट पाहिले, आणि सिमेंटचा गिलावा व पाणी रोखणारा रंग यांचे सेहेचाळीस हजार रुपये घेतले. पुढील पावसाळ्यात ओल कमरेवरून खांद्यापर्यंत आली. त्याच्या पुढील पावसाळ्यात ती भिंतीलगतच्या कपाटात शिरली.

त्या कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या होत्या.

एका वहीची नऊ पाने एकमेकांस चिकटून गेली. सोडवू गेलो तर शाई एका पानावरून दुसऱ्यावर आली. पुढे एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी वयाचा दाखला मागावयास आले. त्यांच्या जन्माची नोंद ना पंचायतीत होती, ना शाळेत. ते शाळेत गेलेच नव्हते. ती होती फक्त आमच्याकडे, त्या नऊ पानांत. आम्ही त्यांच्यासमोर वही उघडली. पुष्कळ वेळ ते त्या डागाकडे पाहत राहिले, आणि मग आम्हांसच समजावू लागले की, असू दे फादर, देवाला माझं वय म्हायती आहे. त्यांच्या अर्जाचे पुढे काय झाले हे विचारण्यास आम्हांस बरेच दिवस धीर झाला नाही. अर्ज परत आला होता.

त्यानंतर आम्ही गवंड्यास आठशे रुपये दिले. त्याने बाहेरून पाहिले. अर्धा तास पुरला. देवालयामागचा रस्ता काँक्रीटचा होऊन जोत्याहून वीतभर उंच झाला होता, आणि त्यावरील सगळे पाणी सॅक्रिस्टीच्या पायाशी येऊन थांबत होते. आम्ही त्या रस्त्याने रोज सकाळी चालत होतो!

ज्यांच्या घरी पाहणारा बोलावणे शक्य नाही त्यांनी निदान इतके स्वतः करावे. ओलीच्या जागी वीतभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या अंगास जमले तर ओल खोलीच्या हवेतली आहे. खिडकी उघडावी, कपाट भिंतीपासून हातभर दूर सारावे, ओले कपडे आत वाळत घालू नयेत. थेंब भिंतीकडच्या अंगास जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. ओल जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली असेल तर जोते आणि बाहेरचा उतार पाहावा. वरच्या कोपऱ्यातून उतरत असेल तर कौले, पन्हळ किंवा स्लॅब पाहावा. मधेच एका जागी असेल तर नळ शोधावा. काही भिजले तर एक-दोन दिवसांच्या आत वाळवावे, कारण बुरशीस तेवढीच सवड लागते. फरशी वा गुळगुळीत लाद्यांवरील लहानसा डाग, सुमारे तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढ्याच्या आतला, साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करता येतो; मात्र नाकातोंडास मास्क बांधावा, आणि दम्याच्या माणसास त्या वेळी घरात ठेवू नये. प्रयोगशाळेत नमुने धाडण्याच्या भरीस पडू नये. बुरशी डोळ्यांस दिसत असेल तर बहुधा नमुन्यांची गरज नसते, असे अमेरिकेचे पर्यावरण खातेच सांगते. हवेत ती किती असली म्हणजे फार झाली याची मर्यादाही त्या सरकारने ठरविलेली नाही. मग तो आकड्यांचा कागद कशाशी ताडून पाहावयाचा?

आणि पाहणाऱ्यास बोलावलेच, तर त्यास आधीच सांगावे की, काम तुला देणार नाही, पाहण्याचे पैसे देणार. पुष्कळजण येणारच नाहीत. जो येईल त्यास चहा द्यावा.

मावशींस आम्ही हे सर्व सांगितले, वहीचेही. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरीनं बरोबर केलं म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "पण चाळीस हजार ते चाळीस हजारच की ओ!" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

सॅक्रिस्टीची भिंत सध्या उघडी आहे. गवंड्याने सिमेंट दगडापर्यंत खरवडून काढले, बाहेर चर खणून पाणी ओढ्याकडे वळविले, आणि भिंत वाळल्याशिवाय चुना लावणार नाही असे बजावले. सणाच्या दिवशी पाहुणे काय म्हणतील, निदान एक पडदा तरी लावू, असे समितीच्या मंडळींनी सुचविले. गवंड्याने तोही लावू दिला नाही. दर शनिवारी तो येतो, पायताण दाराशी काढतो, दगडांवर पंजा ठेवून क्षणभर उभा राहतो, "अजून न्हाई," म्हणतो आणि जातो. या फेऱ्यांचे काय द्यावयाचे, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, त्या आठशेतच आल्या.